अलिशाच्या मंगनीचे फोटो

११ जानेवारी २०२५, शनिवार

रास अल खैमाहून जहूरचा फोन. अलिशाची मंगनी ठरली. एक फेब्रुवारी, संध्याकाळी, हॉलवर. "सुदेश, मोबाईलवाले शंभर येतील. पण फोटो तू काढायचेस. तुझ्या त्या जुन्या डब्याने. माझं लग्न त्याच्यावर जमलं, मुलीचंही त्याच्यावरच होऊ दे. खलास."

एकोणतीस वर्षं झाली की! पेटी काढली. कॅमेरा आहे. फ्लॅशही आहे. सेल मात्र आतच फुटलेत.

१२ जानेवारी

व्हिनेगर लावून फ्लॅश पुसला, नवे सेल घातले. बारीक शिट्टी वाजली, लाल दिवा लागला. जिवंत आहे!

ती शिट्टी ऐकली की कॅम्पातली रूम आठवते. टाइल्सच्या फॅक्टरीत होतो आम्ही, मी आणि जहूर. सहा पलंग, एक मरतुकडी ट्यूबलाइट. गावी फोटो पाठवायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे. अंधारात फोकस जमत नसे. या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध पिवळसर चौकोन असतो, त्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवत दोघांचा एक करायचा. पण उजेडच नाही तर एक कुठला आणि दोन कुठले? मग मी काडी पेटवून हनुवटीशी धरायला सांगायचो. दोन ज्योतींची एक झाली की "विझव!" आणि लगेच फ्लॅश. एकदा गणूच्या मिशा थोड्या जळल्या. तोच फोटो त्याने घरी पाठवला.

फ्लॅश सरळ मारला तर सगळे पिठात घोळल्यासारखे दिसत. वर मारायचा तर छत हिरवं, माणसंही हिरवी. शेवटी फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधायचो, एक पदर. तेवढ्याने जमायचं.

१८ जानेवारी, शनिवार

रूमवर सराव. खुर्चीवर उशी ठेवून. चौकोनच दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं, खुर्चीचे पाय, पडदा. मध्ये मळका डाग. काच पुसली. तसंच. कॅमेरा गेला बहुतेक. वाईट वाटलं.

१९ जानेवारी

कॅमेरा दुरुस्त करणारे एक म्हातारे हैदराबादी चाचा आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी खिडकीला डोळा लावला, रिंग फिरवली, परत दिला. "ये तो एकदम ठीक है, भाईसाब." मी म्हटलं, बीच में कुछ दिखताच नहीं. ते म्हणाले, "लेफ्ट आँख से देखो."

डाव्याने पाहिलं. चौकोन लख्ख. त्यात चाचांच्या दोन दोन दाढ्या.

२० जानेवारी

सिग्नलला बस उभी असताना डावा डोळा हाताने झाकला. पुढच्या गाडीचा नंबर नव्हताच. मागे पोरं गाणं म्हणत होती.

२५ जानेवारी, शनिवार

डोळ्यांची डॉक्टर. थेंब, मशीन, पुन्हा थेंब. आत पडद्यावर डाग आहे म्हणाली. "गेलेली नजर परत येणार नाही. डावा डोळा सांभाळायचा." मग विचारलं, काम काय करता?

"स्टोअरमध्ये," मी म्हटलं.

एकोणीस वर्षं शाळेची बस चालवतोय. तोंडातून हेच कसं आलं?

२९ जानेवारी

गावी बायकोला, विनिताला फोन केला. गुहागरात थंडी आहे, आंब्याला मोहोर चांगला आलाय. डोळ्याचं बोललो नाही.

३१ जानेवारी

युक्ती सापडली. फोकस करायचाच नाही. कॅमेऱ्याला दोन मीटर दोरी बांधली. टोक माणसाच्या छातीला टेकलं की अंतर बरोबर. रिंग दोनवर. फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता म्हणतो, दोनशेची फिल्म, दोन मीटर, तर लेन्सचं छिद्र अकरावर. मग आंधळाही काढील.

१ फेब्रुवारी

हॉलमध्ये उजेड अगदी मंद, नुसते जांभळे दिवे. मी दोरी घेऊन फिरतोय. अलिशा म्हणाली, "अंकल, सो विंटेज!" मी हसलो. लोकांना वाटलं, जुनी पद्धतच अशी.

जेवताना जहूरच्या बायकोला, मरियमबी वहिनींना विचारलं, लग्नासाठी पाठवलेल्या जहूरच्या फोटोत तेव्हा काय पाहिलंत? त्या म्हणाल्या, "कानापाशी पांढरी पावडर होती. फ्लॅशमध्ये चमकत होती. घरचे म्हणाले, धड तोंडही धुतलं नाही याने. मी म्हटलं, थेट कामावरून आलेला दिसतो. बसून खाणारा नाही. हो म्हणून सांगा."

जहूरला हे आजच कळलं. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

८ फेब्रुवारी

फोटो आले. छत्तीसपैकी एकतीस उत्तम! अलिशाच्या बांगड्यांची नक्षी मोजून घ्यावी. एकात जहूर मुलीकडे बघतोय, तो मी गावी घेऊन जाणार.

जहूरचा फोन, "हात अजून तोच आहे रे तुझा." कुणाला काही कळलं नाही. मनात आलं, बसचंही असंच निभेल. रस्ता पाठ आहे, डावा डोळा चांगला आहे, लायसन्सची तपासणी ऑक्टोबरात. खोटं का लिहू? आनंद झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी रीम आयलंडवर धुकं. तिसरा स्टॉप. नबिला, दुसरीतली. रोज "गुड मॉर्निंग, सुदेश अंकल" म्हणते. उशीर झाला म्हणून समोरून पळत आली. मला दिसली. वेळेवर दिसली. ब्रेकही मारला. माझ्या हिशेबाने मध्ये दोन मीटर होते.

खाली उतरून पाहिलं. वीतभर. तिच्या दप्तराचा बंद बंपरला लागत होता.

ती म्हणाली, "सॉरी, अंकल." ती मला सॉरी म्हणाली.

पोरं शाळेत सोडली. तासाला वीसच्या वेगाने. मागून हॉर्न वाजत होते.

विनिताला सगळं सांगितलं. डॉक्टरशी खोटं बोललो तेही. ती म्हणाली, "दुपारी पोरांना परत कोण आणणार आहे?"

११ फेब्रुवारी, दुपारी

ऑफिसात जाऊन स्वतःच सांगितलं. किल्ली टेबलावर ठेवली. दुपारची फेरी दुसऱ्याने केली.