आड पाहिजे, एजंट नको

मु. पो. दुधगाव,
ज्येष्ठ संपत आला, तारीख पाकिटावरच्या शिक्क्यात बघावी.

ती. आर्जवअण्णा यांस,

दुधगावहून भूपालचा, डॉक्टरांनी जेवढं वाकायला परवानगी दिली आहे तेवढं वाकून, जयजिनेंद्र. आपली साखर, वहिनींचा गुडघा आणि साताऱ्याची हवा, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. माझ्या छातीत डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा बसवल्यापासून मी पहिल्यापेक्षा जोमात आहे. जिना चढताना धाप लागते, पण ती जिन्याची चूक आहे. पायऱ्या वडिलांच्या उंचीच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर बोललेलं राजमतीला स्वयंपाकघरात ऐकू येतं (हाक मारलेली मात्र ऐकू येत नाही). तर मुद्द्यावर येतो. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या आत राहा. म्हणजे सांगलीत, नाहीतर तुमच्या साताऱ्यात. चिरंजीव भरतेशने पुण्याहून फोनवर हुकूम सोडला की चातुर्मासाआधी गाव सोडा. मी तयार झालो. तुमची बहीण एका वाक्यात म्हणाली, "परसात आड असंल तर येते, न्हाईतर तुमी जावा." तुम्हाला कारण सांगायला नको. गेली एकतीस वर्षं चातुर्मासात ती शुद्ध स्वयंपाकाचा चौका लावते, मुनिमहाराजांच्या आहाराला पाणी लागतं ते आडाचं, हाताने शेंदलेलं आणि फडक्यातून गाळलेलं. गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात अलगद सोडावे लागतात. नळाला कुठे सोडणार? तिचं बरोबर आहे. पण आड मिळाला नाही तर ती इथे आणि मी तिथे, असा प्रसंग. अण्णा, तुम्ही थोरले आहात म्हणून लिहितो, तिच्याशिवाय मला शहरात एक घाससुद्धा जायचा नाही. चाळीस वर्षांत मी एकट्याने जेवलेलो नाही. दवाखान्यातसुद्धा ती स्टुलावर बसलेली होती. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, पण तुम्ही मोठ्याने वाचू नका.

गाव सोडायचं निघालं तेव्हाच तुम्ही म्हणाला होता, "दाजी, चांगला एजंट धरा." मी हसलो होतो, आठवतं? माझं म्हणणं असं की बेदाणा कुठला चांगला आणि कुठला गंधक मारलेला हे मी वासावर सांगतो, मग घर मला कळणार नाही? शिवाय आता सगळी घरं मोबाईलवर आलेली आहेत. एजंट काय करतो? कुलूप उघडतो आणि "हा हॉल" म्हणतो. हॉल आहे हे मलाही दिसतं. भरतेशने सुट्टीत येऊन मोबाईलमध्ये घरं शोधायचं ते अॅप घालून दिलं. वर ठळक लिहिलेलं, थेट मालकाशी बोला, मध्यस्थ नाही. मला गहिवरून आलं.

त्या अॅपला घरात काय पाहिजे ते टिचक्या मारून सांगायचं असतं. व्यायामशाळा पाहिजे का, पोहायचा तलाव पाहिजे का, कुत्रं चालेल का. आड पाहिजे का, असं कुठेच विचारलेलं नाही. मी वरच्या पट्टीत 'आड' लिहिलं, तर त्याने मला आडव्या खिडक्यांचे तीन फ्लॅट दाखवले. 'विहीर' लिहिलं तर पोहायचे तलाव दाखवले. (राजमतीला एक दाखवला. निळं पाणी बघून ती म्हणाली, "ह्यात कुणी पाय धुतलं असतील.") मग त्याने माझा नंबर मागितला. मी भाबडेपणाने नव्हे, विचारपूर्वक दिला. संध्याकाळच्या जेवणाआत एकोणीस फोन आले. सगळे एजंट! मध्यस्थ नसलेल्या बाजारात एवढे मध्यस्थ मी बेदाण्याच्या सौद्यातही बघितले नाहीत. पहिला मला भूपालसर म्हणाला, आठवा अंकल म्हणाला आणि पंधरावा थेट विचारता झाला की दोन बेडरूम दुबईत चालतील का. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, त्या दिवशी फोनच्या नादात सूर्य बुडाला आणि मी तसाच उपाशी झोपलो. राजमतीने पण खाल्लं नाही, पण बोलली भरपूर.

आता एक कबुली. मागच्या महिन्यात मी साताऱ्यात येऊन गेलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून केळी खाल्ली आणि परत फिरलो. झालं असं, की अॅपवर एका घराचा फोटो होता, गच्चीतून काढलेला, मधोमध दगडी बांधणीची देखणी विहीर. मी एसटीने आलो. घर होतं, गच्ची होती, विहीरही होती, फक्त ती शेजाऱ्याची होती आणि तिच्यावर शेजाऱ्याची म्हैस बांधलेली होती. मी मालकाला म्हटलं, हा काय प्रकार? तो शांतपणे म्हणाला, "आवं, बघायला तर मिळती का न्हाई?" फोटोखाली त्याने 'विहिरीचं दृश्य' असंच लिहिलं होतं, त्यामुळे खोटं कोणी बोललेलं नाही. तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही "मी म्हणलो नव्हतो?" म्हणाला असता, आणि डॉक्टरांनी मला असली वाक्यं टाळायला सांगितलेलं आहे.

त्यानंतर सांगलीतलं घर. मालक फोनवर छातीठोक म्हणाला विहीर आहे, बारमाही पाणी आहे. गेलो. अंगणभर फरशी, तिच्यावर मोटार. मी चहूकडे फिरलो, परसात डोकावलो, शेवटी विचारलं, विहीर कुठे? "हाय की! तुमी हुबं हायसा तितंच, पायाखाली." पंधरा वर्षांपूर्वी स्लॅब टाकून झाकली होती. मी पाय उचलून बाजूला झालो. (छातीतल्या दोन्ही स्प्रिंगा शाबूत आहेत, त्या दिवशी त्यांची परीक्षा झाली.) पण मी खचलो नाही, अण्णा. दोन घरं नाकारली म्हणजे दोन घरांनी आपण पुढे आलो, असं मी धरतो.

मधे कोंडीबाचं प्रकरण झालं. हा कोंडीबा सांगलीत घरांची दलाली करतो, साठीचा आहे, आणि त्याआधी तीस वर्षं विहिरी-आडांतला गाळ काढायचा. माझं शोधणं त्याच्या कानावर गेलं (एकोणीस जणांतल्याच कोणाकडून तरी) आणि तो सरळ आमच्या सोप्यात येऊन बसला. मी त्याला चार माणसांदेखत अर्धा तास समजावून सांगितलं की बाबा, तुझं काम आता अंगठ्यावर आलंय, तू नातवंडं खेळव. त्याने सगळं ऐकलं, चहा प्याला आणि म्हणाला, "व्हय मालक. खरं मोबाईलला आडाचं पाणी चाखता येतंय काय?" चार माणसं हसली. मी पण हसलो, पण ते माझं नेहमीचं हसणं नव्हतं. राजमतीने उगाच त्याला दुसरा चहा दिला आणि दारापर्यंत जाऊन त्याच्या सुनेची चौकशी करत बसली. तिला माणसं ओळखता येत नाहीत. हल्ली तिचे डोळेही कमी झालेत, महिन्यात दोनदा सांगलीला तपासायला गेली, तरी चष्म्याचा नंबर अजून लागत नाही.

आणि आता मुख्य बातमी. काल पहाटे णमोकार मंत्र म्हणून मोबाईल उघडला आणि घर सापडलं! सांगलीतच, जिनमंदिर चालत पाच मिनिटांवर, दवाखाना रिक्षाने सात. तळमजला, दोन खोल्या, परस, आणि परसात आड. उघडा, रहाट लावलेला, कठड्यावर पितळेची कळशी. गंमत म्हणजे कळशीसुद्धा अगदी आपल्या घरच्यासारखी, काठाला तसाच पोचा. (आमच्या लग्नानंतर आठव्या दिवशी ती माझ्या हातून आडावर पडली होती, राजमती अजून काढते.) असले पोचे घरोघरी असतात, पण मला तो शुभशकुन वाटला. अण्णा, मी शोधलं. कोणाच्या मदतीशिवाय. राजमतीला फोटो दाखवला तर "बरं हाय" म्हणून पीठ मळत राहिली. तिला या शास्त्राची कल्पना नाही.

वहिनींना जयजिनेंद्र, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भूपाल

ता. क. एक किरकोळ राहिलं. त्या जाहिरातीखाली नंबर आहे (या पानामागे लिहिलाय), तो कोंडीबाचा आहे. चार माणसांदेखत बोलून बसलोय, मी कसा फोन करू? तुम्ही साताऱ्याचे गिऱ्हाईक म्हणून करा. रविवारची वेळ घ्या. माझं नाव काढू नका. मी मागून नुसता पाहुणा म्हणून येईन.

ता. क. २. यात एजंट आहे हे राजमतीला कळता कामा नये. आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.

ता. क. ३. डिंक संपलाय. पाकीट राजमतीकडे देतो, ती भाताच्या शितानं चिकटवेल. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नव्हे.

~

आण्णा, शीत लावता लावता वाचलं.

माझ्या डोळ्यांला काय झालेलं न्हाई. दोन्ही येळा कोंडीबासंगं घर बघाय गेलते. आड त्यानंच तरणेपणी उपसलेला, म्हणून त्याला ठावं. परत आत उतरून गाळ काढला बिचाऱ्यानं. कळशी आपलीच, पाणी काढून चाखाय नेली हुती. लय गोड हाय. मी घर बघितलंय म्हणलं असतं तर ह्यांनी तेवढं सोडून सगळी सांगली बघितली असती. म्हणून कोंडीबाच्या सुनंला, प्रांजलला, फोटू काढून मोबाईलवर टाकाय लावला. तू फोन कर. कोंडीबा वळख न्हाई असं बोलंल, सांगून ठेवलंय. रविवारी ये, आणि ह्यांनी आड दावला की "वा दाजी, कसं हुडकलं!" एवढं म्हण.

आणि एक. पत्रातलं दुसरं पान माझ्या अक्षरात दिसंल, घाबरू नको. घास जायचा न्हाई म्हणून लिवलंय ते. मला तोंडावर कवा म्हणले न्हाईत. ते मी जसंच्या तसं उतरवून तुला धाडलंय. ह्यांच्या हातचं पान माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.

राजमती