बाईंचा नागरिकशास्त्राचा तास

२३ जुलै २०१६, शनि.
सकाळी अकरापासून हॉलमध्ये शाळा. सासूबाई कराडला तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही इथे बाईच लिहितो. तोंडावर अर्थात आई. माझ्या बायकोचा, मुग्धाचा, भाऊ श्रीकांत ओहायोत असतो, त्याची अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत सप्टेंबरात आहे. शंभर प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारणार, सहा यायला हवेत. त्यानं हे आईला गंमत म्हणून सांगितलं. चुकलंच त्याचं. बाईंनी यादी माझ्याकडून प्रिंट करून घेतली आणि दर शनिवारी स्काइपवर तास लावला. त्याच्याकडे तेव्हा शुक्रवार संध्याकाळ.
"घटनेचे पहिले तीन शब्द?"
"वी द पीपल."
"आणि आपल्या घटनेचे?"
"आई, ते यादीत नाही."
"माझ्या यादीत आहे."
शेवटी म्हणाला, आम्ही भारताचे लोक. २०१३ साली इथे न्यूझीलंडला आमच्याकडे राहायला आल्यापासून बाईंना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

३० जुलै
आज संघराज्य. श्रीकांत गोंधळतो. नोटा छापणं, युद्ध, तह केंद्राकडे. शाळा, पोलीस, गाडीचं लायसन्स राज्यांकडे. बाईंनी उदाहरण दिलं, "आता या घरात स्वयंपाकघर मुग्धाकडे, लॉन मिलिंदरावांकडे. आणि रिमोट?"
"समवर्ती सूची!" मुग्धा आतून ओरडली.
इरा (आमची लेक, नऊ वर्षांची, सगळं मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत): "सो हू इज द सुप्रीम कोर्ट?"
सगळे बाईंकडे बघायला लागलो.
नंतर मला म्हणाल्या, "इथली घटना आणा हो एकदा, वाचते." म्हटलं, इथे एका पुस्तकात लिहिलेली घटना नाही. काही कायदे, एक जुना करार, बाकी रीत. "मग चालतं कसं?" मी फोनवर शोधायला लागलो. आठ वर्षं राहतोय या देशात.

२७ ऑगस्ट
प्रश्न: नागरिक लोकशाहीत भाग कसा घेतात, दोन मार्ग सांगा. श्रीकांतनं चार सांगितले. मतदान, निवडून आलेल्यांना आपलं मत कळवणं, पेपरला पत्र, स्वतः उभं राहणं.
"पाठ झालंय. यातलं केलंस काय?"
"मला मत कुठाय अजून, आई."
मग चष्म्यावरून माझ्याकडे. "तुम्हाला आहे?"
आहे. इथे नागरिक नसून नुसतं रेसिडेंट असलं तरी मिळतं.
"कितीदा दिलंत?"
मी लॉन कापायला गेलो. पाऊस पडत होता तरी.

२२ सप्टें.
पास!! सकाळी सातला फोन. सहा विचारले, सहाही बरोबर, मग अधिकाऱ्यानंच थांबवलं. कुठे शिकलास विचारलं, तर हा म्हणाला, "माझी आई शिकवते, न्यूझीलंडहून." दोघं हसले म्हणे. मुग्धा रडली. मी ऑफिसला उशीर केला, बाईंनी शिरा केला. रवा भाजता भाजता एकदाच म्हणाल्या, "त्याचा आपला पासपोर्ट जाणार आता." मग वेलदोडे सोलायला घेतले.

८ ऑक्टो., शनि.
आज कौन्सिल निवडणुकीचा शेवटचा दिवस. मतपत्रिका पोस्टानं येतात. आमच्या तिघांच्या ड्रॉवरमध्ये पडल्या होत्या, पिझ्झाच्या कूपनांखाली, न उघडलेल्या. नाश्त्यानंतर बाईंना कात्री हवी होती. त्यांनी तोच ड्रॉवर उघडला.
"यावर माझं नाव आहे."
मी कूपनं गोळा करायला लागलो.
"मिलिंदराव, माझं मत तुम्ही दोन आठवडे ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवलंत?"
जन्मात इतका ओशाळलो नव्हतो. "चुकलं, आई." एवढंच जमलं. मग सगळे टेबलाभोवती. उमेदवारांची पुस्तिका बाईंनी मोठ्यानं वाचली, प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. एकाला शुद्धलेखनाचे दोन कमी. मुग्धाच्या पत्रिकेवर हात ठेवून मला बघू दिलं नाही, "गुप्त मतदान!" म्हणून स्वतःचीही झाकली. बारापर्यंत लायब्ररीच्या पेटीत टाकायच्या होत्या. पावणेबाराला गाडी काढली, मी जॅंडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर. पेटीत पाकीट टाकून आत वाकून पाहिलं, पडलं का. गंमतच. पहिलं मत, वय एक्केचाळीस.
येताना सगळ्यांना आइस्क्रीम, डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून. बाईंनी दोन स्कूप घेतले.

१४ मार्च २०१७
शेजारच्या मेले (नावच आहे त्यांचं), मूळच्या टोंगा बेटांच्या, बाईंच्याच वयाच्या. दोघी रोज सकाळी पार्कात फिरायला जातात. दोघींचं इंग्रजी आपापलं, पण बोलणं संपत नाही. आज वळणावर रस्ता ओलांडताना गाडी मेलेंच्या अगदी अंगावर आली. बाईंनी ओढलं म्हणून वाचल्या. गुडघा खरचटला फक्त. बाई घरी आल्या. चहा प्यायल्या, मग म्हणाल्या, "कागद द्या."

११ एप्रिल
वळणावर झेब्रा क्रॉसिंग हवं, या बाईंच्या पत्राला उत्तर आलं. तो रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्याला लिहा. त्यांना आधीच लिहिलं होतं, त्यांनीच यांच्याकडे पाठवलं होतं. बाई: "इथे संघराज्य नाही ना? मग एवढी टोलवाटोलवी कशी जमते?" येत्या रविवारपासून सह्या गोळा करायच्या.

३० एप्रिल
तीन रविवार घरोघरी. बाई, मेले, आणि फळी धरायला मी. मी आधी फाटकातच थांबायचो. आज एका दारात मीच आधी बोललो. किया ओरा (माओरी नमस्कार), आम्ही झेब्रा क्रॉसिंगसाठी आलोय. आतले आजोबा म्हणाले, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, आणि सही करून फिजोआंची पिशवी दिली, इथलं पेरूसारखं फळ. आमच्या हिल्सबरोत इतकी माणसं राहतात हे मला माहीतच नव्हतं. दिसायच्या त्या गाड्याच.

२० जून
लोकल बोर्डाची, म्हणजे आमच्या भागाच्या निवडून आलेल्या समितीची, सभा. लोकांना बोलायला थोडा वेळ देतात. बाई नऊवारी नाही पण इस्त्रीची कॉटन साडी, वर माझं पफर जॅकेट. सुरुवात: किया ओरा, मेलेंच्या भाषेत मालो ए लेलेई, मग नमस्कार. मेलेंनी मागून टाळी वाजवली. मग रस्ता, वळण, गुडघा, सह्या. इंग्रजी अडखळत होतं, पण आवाज वर्गातला. मधेच घंटा वाजली. बाई थांबल्या, अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "माझ्या शाळेत घंटेनंतर वाक्य पुरं करायची परवानगी होती."
सभागृह हसलं. परवानगी मिळाली.
 

३ मार्च २०१८
क्रॉसिंग झालं. इतके महिने लागले, मधे दोनदा वाटलं बारगळलं. आज ऊन, रंग अजून चकचकीत. बाई आणि मेले हातात हात घालून पाच वेळा आल्या-गेल्या. प्रत्येक वेळी गाड्या थांबल्या. एका बसवाल्यानं हॉर्न दिला, दोघींनी हात हलवला. इरा: "आजी, यू आर होल्डिंग अप हीप्स ऑफ ट्रॅफिक." आजी: "वर्षभर आम्ही थांबलो की."
संध्याकाळी मेलेंकडे जेवण, अर्धी गल्ली. तिथेच मेले म्हणाल्या, पुढच्या वर्षी तू बोर्डाला उभी राहा. सगळ्यांनी टेबल बडवलं. बाई लाजल्या. मी पहिल्यांदाच पाहिलं.

४ नोव्हें. २०१८, रवि.
बोर्डाला उभं राहायचं तर इथलं नागरिकत्व हवं. पाच वर्षं झाली, अर्ज करता येतो. आज फॉर्म भरायला बसलो. मी विचारेन तसं बाई सांगत होत्या. जन्मगाव कराड, राहणार हिल्सबरो. सहीपाशी थांबल्या.
"मग कराडला जायला परवानगी काढायची मी?"
"ओसीआय कार्ड मिळतं, आई. येता-जाता येतं."
"मत?"
"तिकडचं नाही."
 बाई जुना पासपोर्ट उघडून पानं बघत राहिल्या. मुग्धा त्यांच्याजवळ जाऊन बसली. श्रीकांतचा फोन आला, त्याला विचारलं, "तुला कसं वाटलं होतं रे?" तो बराच वेळ बोलत होता. मी चहा ठेवायला उठलो.
परत आलो तर बाई खिडकीशी. वरच्या रस्त्याला फुटपाथ नाही, मेले सांगत होती, मुलं शाळेला रस्त्यातून जातात, म्हणाल्या. मोजून यायचंय किती लांब आहे ते. बूट घातले.
फॉर्म टेबलावर तसाच आहे. सही नाही. मुग्धा म्हणते, घाई करायची नाही. मी त्यावर वजन ठेवलं, वारा आहे म्हणून, आणि मोजपट्टी घेऊन मागोमाग निघतोय.