खडकाच्या खुणा

मढ, रविवार

प्रिय विनिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फाडशील. फाडू नकोस. आपला मासळीबाजार नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर न्यायला तू हो म्हणालीस, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. त्या वादात मी बरोबर होते, आजही आहे. म्हाताऱ्या कोळणींना टोपली घेऊन जिने चढायला लावतो, त्याला मी विकास म्हणणार नाही. पण आज विषय वेगळा आहे.

गेल्या महिन्यात साकीनाक्याला सभा होती. माइकसमोर आवाज चढला होता आणि एकाएकी ‘बोंबील’ हा शब्द येईना. बोंबील, विनिता! डोळ्यांसमोर बांबूच्या वलांडीवर वाळत लोंबतोय आणि नाव नाही. लोकांना वाटलं, मी मुद्दाम थांबले. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा टाळ्यांची भीती वाटली. तू असतीस तर मागून ओरडली असतीस, ‘काय गं, दातखीळ बसली काय?’

मेंदूत डावीकडे गाठ निघाली. अंधेरीतल्या सर्जन डॉक्टर पूर्वीबाई एकामागून एक तपासण्या करायला लागल्या, तेव्हा मी भांडले. एकदा फोटो काढलात ना, मग पुन्हा कशाला? त्यांनी मला सरळ पडद्यासमोर बसवलं. सीटी स्कॅनमध्ये कवटीचं हाड. एमआरआयमध्ये गाठ. दुसऱ्या एमआरआयमध्ये, शब्द जुळवताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते. आणखी एकात धाग्यांसारख्या वाटा, ज्यांवरून शब्द जातात. मग सगळं एकावर एक बसवलं आणि माझंच डोकं पडद्यावर फिरायला लागलं. मला तुझे बाबा आठवले. देवळाचा कळस मागच्या डोंगराशी जुळवायचे, मग किल्ल्याचा बुरूज माडाशी, आणि दोन्ही रेषा मिळतात तिथे खडक आहे म्हणून होडी वळवायचे. एका खुणेवर भरवसा ठेवणारा बुडतो, म्हणायचे.

खडक दिसला गं. शब्दांच्या वाटा गाठीला बिलगून गेल्यात. पुस्तकी मराठीची जागा जरा लांब आहे, पण घरची बोली अगदी कडेला. गाठ ठेवली तर ती वाढणार. जास्त कापली तर मी मुकी होणार. आणि कवटी उघडली की मेंदू किंचित सरकतो, म्हणजे नकाशाही पुरता खरा राहत नाही. म्हणून मला जागं ठेवून कापणार आहेत. मी बोलत राहायचं. शब्द अडखळला, चुकला, की तिथे हात थांबवायचा. मरणाला मी भीत नाही असं हजार लोकांसमोर म्हटलंय, ते खरंच आहे. पण गप्प बसून जगायचं? मला?

बोलणं तपासायला दिशा नावाची मुलगी आहे, मुलुंडची. तिनं सफरचंद, हत्ती, छत्रीची चित्रं आणली. मी म्हटलं, बाई, माझी भाषा छत्रीत नाही, मासळीचे फोटो आण. आणले बिचारीनं. पण ती पक्की शाकाहारी. मी घोळ माशाला दाढा, म्हणजे दुसराच मासा, म्हटलं, तरी ‘छान’ म्हणाली! ती मला मराठीत पकडेल. आपल्या बोलीत मी बरळले, तर तिला कळायचंही नाही, आणि डॉक्टर पुढे कापत जातील.

माझ्या भाषणात भर सभेत मला टोकणारी एकच बाई आहे. मी पूर्वीबाईंना तुझं नाव सांगितलं. त्यांनी इस्पितळाची परवानगी काढली आहे. गुरुवारी सकाळी ये. हिरवा झगा घालून माझ्या उशाशी बस, फोटो दाखव, भांडण काढ, मला बोलतं ठेव. मी चुकले की नेहमीसारखी ओरड, ‘चूक!’ दया करू नकोस, रडू नकोस. तुझ्या आवाजावर सुरी थांबणार आहे.

आणि ये म्हणजे येच. त्या पहिल्या मजल्याबद्दल मला तुला अजून पुष्कळ ऐकवायचं आहे, आपल्याच बोलीत.

तुझीच, अजून न हरलेली,
सगुणा