सैल केलेली जोडवी

आई, तुझे पाय सुजले होते तर मला डॉक्टरकडे पाठवायचंस, सोनाराकडे कशाला पाठवलंस? जसजसा विचार करते तसतसा रागच येतो. जोडवी बोटात रुतलेली, बाजूनं मांस वर आलेलं. तू साबण लावून ती ओढून काढलीस, फडक्यात बांधून माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "सैल करून आण, आणि होईपर्यंत तिथंच उभी राहा. तुझे अप्पा जिवंत असताना बोटं उघडी ठेवायची नाहीत मला." सोनार हसला. "काय गं, तुझी आई ह्या वयात बाळसं धरतेय काय?" मीही हसले. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू चुलीपुढं बसल्या बसल्या इतकी हसलीस की खोकल्याची उबळच आली, तवा तापलेला तसाच. मी तुझी पाठ चोळली. पायाकडं बघितलं नाही.

दमा आहे, सगळे म्हणायचे. तूही. खानावळीच्या भाकऱ्या थापून थापून, अळणावरच्या जंगलातून येणाऱ्या ओल्या लाकडाचा धूर खाऊन जन्म गेला, मग दमा होणारच, त्यात काय विचारायचं? मला चौथीतून काढून शेजारी बसवलंस तेव्हा म्हणालीस, "खोकला आला तर तोंड फिरव, पिठावर नको." खोकल्याबद्दल एवढंच शिकवलंस. शेवटी शेवटी तू भर दुपारीसुद्धा आडवी पडत नव्हतीस. भिंतीला पाठ, मांडीवर उशी. आम्ही म्हणायचो, हिला बसूनच झोप लागते. मानेची शीर दोरीसारखी फुगून उडतेय, ती मला अजून दिसते. छातीसाठी पंप ओढत होतीस, तेवढं पुरे, असं वाटायचं. गेलीस तेव्हा दम्यानं गेली म्हणाले. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

परवा माझ्या खोकल्यासाठी केशवापुरातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. चूल गेली, गॅस आला, खोकला काही गेला नाही. छातीचा फोटो बघून त्या म्हणाल्या, फुप्फुसाचा जुना आजार. मी म्हटलं, "ठाऊक आहे, आईचा दमा." त्या म्हणाल्या, नुसती छाती बघून भागत नाही. फुप्फुसं खराब झाली की त्यांच्यात रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, वर्षानुवर्षं. मग तेच थकतं, आणि पाणी पायात उतरतं.

"पायात?" मी म्हटलं.

"हौद्री, हो, पायात. तुमच्या पायांना सूज येते का? वेळेत कळलं तर औषध देता येतं."

सोमवारी सकाळी हृदयाची तपासणी लिहून दिलीय. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलीय. जाईन की नाही, अजून ठरत नाही.

तुझी जोडवी माझ्याकडंच आली ना. सोनारानं सैल केलेली तीच. मला ढिली व्हायची, म्हणून आतून दोरा गुंडाळून घालत होते, इतकी वर्षं. तुझे जावई म्हणायचे, "नवी घे की, चांदीच तर आहे." नाही घेतली. श्रावणात दोरा काढला. जुना झालाय, म्हटलं, नवा गुंडाळू. गुंडाळला नाही, कारण गुंडाळायला जागाच उरली नव्हती. आज सकाळी साबण लावून बघितला. तुझी निघाली होती, माझी जागची हलतसुद्धा नाहीत.

हे लिहिलेले कागद कुणाच्या हाती देणार? पिठाच्या डब्याखाली सारते. पण उत्तर मला पाहिजे. कुणी आलं की तू लुगड्याखाली पाय ओढून घ्यायचीस, ते आत्ता मला सारखं दिसतं. म्हणजे तुला कळलं होतं का? कळून मला सोनाराकडं पाठवलंस का? भ्यायलीस, की भाकऱ्यांचं कोण बघणार म्हणून गप्प बसलीस? मला बरं वाटेल असं काही सांगू नकोस, खरं ते सांग. कारण डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मीही पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हटलं, "नाही हो, सूजबीज काही नाही."

रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, आई. सोमवारी त्या परत विचारतील.