ताईचं उखळ

चौल, पौष, सन १९६८

रा. रा. हरेश्वरराव यांस दिनानाथाचा सप्रेम नमस्कार.

तुम्हां उभयतांच्या प्रकृती ठणठणीत असाव्यात. इकडे सुपारी, नारळ, रेडा आणि मी सुखरूप आहोत. तुमची ताई, म्हणजे आमची सौभाग्यवती, तुमच्याकडे असल्यामुळे तिची खुशाली तुम्हीच कळवायची. तिच्या खुब्याचं ऑपरेशन येत्या आठवड्यात व्हायचंय आणि आत काय बसवायचं ते मी घरी जाऊन विचारांती कळवतो, असं मीच डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगून आलो होतो. (‘तुम्हीच ठरवा, पण जन्मात एकदा तरी लवकर ठरवा,’ असं ती खाटेवरून म्हणाली, ते तुम्ही ऐकलंतच.) उशीर झाला खरा, पण दोष माझा नाही. दोष त्या विलायतेहून आलेल्या डॉक्टरांच्या मराठीचा.

आता बघा, मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या ज्या खळग्यात फिरतो, त्याला ते म्हणाले उखळ. बाईंचं उखळ झिजलंय, बदलायला हवं, गोळा पोलादी घालू, उखळ पोलादी हवं की प्लास्टिकचं ते सांगा. मी घरी येऊन हे जसंच्या तसं मनुआत्याला सांगितलं. आत्याला ऐकू कमी येतं, पण जेवढं येतं तेवढ्यावर ती लगेच कामाला लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी पाथरवट हजर! आत्याचं म्हणणं, पौषात नवं उखळ घरात आणू नये, जुन्यालाच टाकी लावून घ्यावी. आणि एवढ्यासाठी पोरीला मुंबईला कशाला नेलीत? मी घसा फोडून उलगडा केला, तरी ती मागे हटेना. म्हणाली, मग दगडीच बसवा. ह्या उखळात तीन पिढ्यांनी पोहे कांडले, झिजलं ते मुसळ. मला हे पटलं, हरेश्वरराव. दवाखान्यात दगडाची सोय आहे का, जाता येता विचारून ठेवा.

नामा सुतार म्हणाला, लाकडात लाकूड घाला. ‘आपला रहाट बगा की वो! कुरकुरतो, पन थांबलाय व्हय कधी?’ आगरदांड्याच्या लाँचवरचा रावजी म्हणाला, लोखंडात लोखंडच, फक्त वंगण घालायचं भोक बाहेरून ठेवायला सांगा, नाहीतर दर पावसाळ्यात बाई खोलून बसावं लागेल. (वंगण शरीर स्वतःच बनवतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तसं असतं तर आमच्या आळीतली म्हातारी माणसं पहाटे उठताना एवढी का कुरकुरतात?) प्लास्टिकची बाजू घ्यायला मात्र गावात कोणी तयार होईना. तेव्हा म्हटलं, दिनानाथा, अन्याय नको, परीक्षा घे.

दत्ताच्या जत्रेत ताईने हौसेने घेतलेली प्लास्टिकची गुलाबी साबणवाटी मी रहाटाच्या आसाखाली बसवली. (हे तिला सांगू नका.) रेड्याच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि हाकला. अहो, काय सांगू! रहाट लोण्यासारखा फिरायला लागला, कूं नाही की चूं नाही. मी खूश होऊन ओटीवर आडवा झालो. जाग आली तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता. रेडा जागच्या जागी उभा राहून रवंथ करत होता. बिचारा जन्मभर रहाटाच्या कुरकुरीवर चालला. कुरकूर थांबली तेव्हा त्याला वाटलं, काम संपलं. नामाने वाटी काढून लाकूड घातलं, रहाट परत बोंबलायला लागला, तेव्हा कुठे हा चालायला लागला. वाटीवर चरा सुद्धा पडला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

तरीही पूर्ण विचारांती माझा निर्णय असा की, पोलादात पोलादच घालावं. वाजलं तर वाजू द्या. डॉक्टरांना तसं आजच सांगा. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं नाही, असं ताईलाही सांगा.

आपला,
दिनानाथ

ता. क. पोलादाचं खरं कारण तुमच्यापाशी ठेवा. मला गोड बंद आहे, हे तुम्ही जाणताच. फणसपोळीचा डबा कोनाड्यात असतो. ताई लंगडत आली की पावलांचा एक धप्प आणि एक सर्र असा आवाज येतो, तेवढ्यात मी झाकण लावून दाराशी पोचतो. प्लास्टिक घातलंत तर ती रहाटासारखी बिनआवाजी येईल आणि मी रंगेहाथ सापडेन. पुरुषाच्या जातीने पुरुषाची एवढी अडचण समजून घ्यावी.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलंय. वरचं सगळं खोडलेलं समजा. ती गेल्यापासून घरात ना धप्प ना सर्र. त्या रेड्यासारखाच मीही जागच्या जागी उभा आहे, हरेश्वरराव, आणि मला फार भीती वाटते. पोलाद, प्लास्टिक, दगड, काय घालायचं ते डॉक्टरांना घालू द्या, पण तिला चालती परत पाठवा. आवाज नाही आला तरी चालेल. मी कोनाड्यापाशी डबा उघडा ठेवून, दाराकडे पाठ करून बसतो.