पोटावरची वाटी

मुलुंड, ३ डिसेंबर १९८४

ती. जानकीआक्कास, धाकट्या काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे, असं लिहायला घेतलं आणि हात अडला.

सूनबाईला नववा लागला. चंद्रप्रकाश मस्कतला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. कुंदा पोटावर वाटी ठेवून भिजवलेले वाल सोलते. आतून पोर लाथ मारायचं, वाटी उडायची, वाल घरभर. मी म्हणायचो, नातवाला आत्तापासूनच वाल नकोत. ती तोंडाला पदर लावून हसायची. परवापासून वाटी फारशी हलत नाही. काल ती सोलायची थांबून नुसती वाटीकडे बघत बसली.

सासऱ्याने सुनेला असलं कसं विचारावं? शेजारच्या लताबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, दिवस भरत आले की पोर सुस्तावतं हो काका, बाळंत काय तुम्हाला व्हायचंय? तूच कुंदाला पत्र लिहून विचार. माझं नाव घेऊ नको. उत्तर लगेच धाड, जिवाला चैन नाही.

तुझा काशीराम

देवगड, ८ डिसेंबर

चि. काशीरामास आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बसून वाचत असशील तर आधी ऊठ. कुंदाला रिक्षात घाल आणि जिथे नाव घातलंय त्या दवाखान्यात ने. बाकीचं मागाहून वाच.

पोर सुस्तावतं हे साफ खोटं. ते शेवटपर्यंत हलायलाच हवं. माझा पहिला असाच गप्प झाला होता. सासूबाई म्हणाल्या, झोपलाय. मी त्याला झोपू दिलं. पुरुषमाणसाला काय सांगायचं, म्हणून तुला कधी बोलले नाही.

माझं नाव घेऊ नको म्हणे! मेल्या, लाज कसली? लेकीसारखी पोर ती. तिथून तार कर. डोळे तुझ्या तारेकडे लागलेत.

आक्का

मुलुंड, २ जानेवारी १९८५

ती. आक्कास सा. न.

तार केली नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या सकाळी कुंदा आपणहून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, मामंजी, बाळ हलतच नाही. तशीच नेली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली, मग बराच वेळ नळी पुसत राहिल्या. मुलगी होती. डोकंभर जावळ. बाई म्हणाल्या, हालचाल कमी वाटली त्याच दिवशी यायचं होतं, कदाचित...

कुंदा म्हणते, तुम्हाला कसं सांगू, लाज वाटली. म्हणजे आम्ही दोघंही एकाच वाटीकडे बघत होतो, आक्का.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं.

समोरच्या शिवदासची चंपा आठव्यात आहे. मी रोज सकाळी तिच्या दाराशी जाऊन विचारतो, पोर हललं का गं? पहिल्या दिवशी ती आत पळाली. शिवदास म्हणाला, काका, डोकं फिरलं काय तुमचं? मी म्हटलं, फिरू दे, कमी वाटलं तर मला हाक मार, रिक्षा मी आणतो. आता ती आतूनच ओरडते, हललं हो काका, लाथा घालतंय!

तोवर कुंदा आमच्या दाराआड उभी असते. उत्तर ऐकलं की चहा ठेवायला आत जाते.

माझ्या वाट्याचा लोभही तिलाच दे.

काशीराम