जागचा न हललेला धोंडा

सोलापूर,
२१ जून २०२५

प्रिय आईस,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. इकडे उकाडा फार, पण जेवण वेळेवर होतं, काळजी नको. राजश्रीमावशी फोनवर म्हणाली, तू आता अक्षरं लावून वाचतेस. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय.

आई, मी पहिली आले! भूशास्त्राच्या एम.एस्सी.त, अख्ख्या वर्गात पहिली!

कसं झालं ते ऐक. आमची तोंडी परीक्षा माळावरच होती. पुण्याहून आलेल्या सरांनी रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडात रुतलेला एक धोंडा दाखवला. "हा असा गोल कसा झाला?" सगळे म्हणाले, नदीनं घरंगळत आणला. मी म्हटलं, "नाही सर. हा जागचा हललाच नाही."

"दाखव बरं."

मी वाकले, धोंड्याचा पापुद्रा बोटांत धरून ओढला. कांद्याच्या सालीसारखा निघून आला. खाली दुसरा, मग तिसरा, आणि आत निळाकाळा टणक दगड. मी सांगत गेले. भेगांतून पाणी शिरतं. कोपऱ्याला ते तीन बाजूंनी खातं, म्हणून कोपरे आधी झडतात आणि दगड गोल होतो. झडलेला मुरूम पावसात ओढ्याला जातो, ओढ्यातून सीनेला, सीनेतून भीमेला.

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?" सरांनी विचारलं.

इथं मी अडले.

दिवाळीनंतर तू शेंगाचटणी घेऊन हॉस्टेलवर आली होतीस. माझ्या वर्गातल्या सोनालीनं विचारलं, "कोण गं ह्या?" मी म्हणाले, "गावाकडच्या ओळखीच्या." तू ऐकलंस. पाणीही न पिता गेलीस. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस, आणि मीही त्यावर कुणाजवळ शब्द काढला नाही. आई, मला तुझी लाज वाटली होती. चुकले मी.

तीच सोनाली शेजारी उभी होती. मी मोठ्यानं म्हणाले, "पुस्तकात नंतर वाचलं, सर. आधी माझ्या आईनं दाखवलं. ती जेऊरजवळच्या खाणीत खडी फोडते. मी आठ वर्षांची असताना म्हणाली होती, 'पोरी, ह्यो धोंडा कुटनं आला न्हाय. हितंच सोलून गोल झालाय. मधी घाव घालू नगं, साल धर की.'"

सर हसले. म्हणाले, "यापेक्षा सोपं करून मलाही सांगता आलं नसतं." सोनालीनं माझा दंड घट्ट धरला. मी मात्र रडले नाही हं, ताठ उभी राहिले.

पुढच्या रविवारी येतेय. रागाव, बोल, मार हवं तर. दार तेवढं उघड. पदवी घ्यायला मला एकटीनं जायचं नाही.

चांगुणाबाईंची लेक,
बुद्धप्रिया